मात्रा कानात, अक्षरे पडद्यावर

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन वर्तुळे आहेत, एकात एक, दोन्ही मिळून नखाएवढी. ॲपचे नाव लाइव्ह ट्रान्स्क्राइब. समोरचा माणूस बोलतो ते बोलता बोलता अक्षरांत उतरवून दाखवायचे, हे त्याचे काम, आणि ते मराठीतही चालते. पाहणाऱ्याची नजर साहजिकच त्या धावत्या अक्षरांकडे जाते. आपण मात्र क्षणभर या दोन वर्तुळांपाशी थांबू या, कारण रचनाकाराची सहृदयता इथे दाटून आली आहे. आतले उजळ वर्तुळ भोवतालच्या गोंगाटाचे आणि बाहेरचे बोलणाऱ्याच्या आवाजाचे. परिसर निवांत असला की आतले आक्रसते, बाहेरचे मोकळे फुलते. गोंगाट चढू लागला की आतले फुगत फुगत बाहेरच्याला गाठू पाहते, आणि दोहोंतले अंतर मिटत आले की समजावे, आता शब्द वेचणे यंत्रालाही अवघड आहे.

ज्याला ऐकू येते त्याला हे अंतर डोळ्यांनी पाहण्याची गरजच पडत नाही. गोंगाट वाढला की त्याचा आवाज आपोआप चढतो, पावले आपोआप आडोशाकडे वळतात. पण ज्याला ऐकू येत नाही, त्याला आपण उभे आहोत ती जागा शांत आहे की कल्लोळाची, हेच कळण्याचा मार्ग नसतो. समोरचा आठ्या घालतो, वाकून जवळ येतो, ओठ ताणतो, मग 'जाऊ दे' असा हात करून बोलणे सोडून देतो, आणि त्या 'जाऊ दे'चे सगळे ओझे ऐकू न येणाऱ्याच्या माथी येते. आयुष्यभर माणूस समजत राहतो की उणे आपल्यातच आहे. ही दोन चिमुकली वर्तुळे त्याला सांगतात की या घटकेला उणे या जागेत आहे, चार पावले पलीकडे जाऊन पाहा. इतकी साधी गोष्ट सांगणारे साधन याआधी त्याच्या हाती कुणी दिले होते?

ही वर्तुळे पाहायची तर मोरा बंदरासारखी जागा नाही. पनवेलकडून उरणला यावे आणि उरण ओलांडून खाडीच्या तोंडाशी उतरावे. जुन्या काळी हा सगळा टापू पनवेल तालुक्यातच मोडत असे, आज उरणचा तालुका वेगळा आहे. समोर घारापुरीचा डोंगर, त्यापलीकडे मुंबईच्या इमारतींची धूसर रांग, आणि मधल्या पाण्यातून पाऊण-एक तासात माझगावच्या भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडणारी लाँच. २०२४च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही खुला झाला, तरी लाँचची वाट पाहणारी माणसे मोऱ्याला आहेतच. आणि वाट पाहणे हा इथल्या प्रवासाचा अटळ भाग आहे, कारण बंदरात गाळ फार. मोठ्या ओहोटीला पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही. मग वेळापत्रक बाजूला राहते आणि चंद्राचे गणित चालू होते. लाँच कधी सुटणार ही बातमी तिकिटाच्या खिडकीतून एकाला, त्याच्याकडून दुसऱ्याला, अशी तोंडातोंडी धक्काभर पसरते. इथे ज्याला ऐकू येत नाही त्याची किती अडचण होत असेल, याचा आपण विचारही करत नाही.

लाँच आली, इंजिन धडधडू लागले, की मात्र न्याय थोडा समान होतो. डिझेल इंजिनाच्या त्या घोषात चांगले कानवालेसुद्धा निम्मे बहिरे होतात. खलाशी दोर फेकण्याआधी तांडेलाकडे पाहतो; तांडेलाचा तळवा खाली दाबला गेला की थांब, मनगट फिरले की सोड. हाक कुणी मारत नाही, कारण हाक पोहोचणारच नाही. शेकडो वर्षे पाण्यावर आणि वाऱ्यात काम करणाऱ्या माणसांनी घडवलेले हे हस्तसंकेत पाहताना वाटते की कानाला पर्याय म्हणून हात पुढे करणे ही माणसाची फार जुनी, फार सहज बुद्धी आहे.

मी मोऱ्याला गेलो त्या दिवशी पाणी उतरलेले होते. माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी आणि कॉलेजात जाणारी तिची नात बसल्या होत्या. आजी कोळीवाड्यातली, डोक्यावरचा पदर नीट, एका कानामागे बदामी रंगाचे यंत्र. नात बोलू लागली तशी सवयीने तिचा स्वर चढला, आणि आजीने हात वर केला. "मोठ्यान नको बोलू. सवकाश बोल."

या एका वाक्यात श्रवणशास्त्राचा एक धडा आहे, तो उलगडून पाहण्याजोगा आहे. आपल्या कानाच्या आत अडीच वेढ्यांची शंखाकृती नळी असते. तिच्या तोंडाशी बारीक, टिपेचे नाद टिपणाऱ्या केशपेशी, आणि आत खोल खर्जाच्या. वय वाढते तशा तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्याची घडण पाहा. स्वर हे भरदार, त्यांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत. आणि स, श, त, थ, फ ही व्यंजने म्हणजे वरच्या पट्टीतली नुसती फुंकर, नुसती सळसळ. 'स'चा सूत्कार चार हजार हर्ट्‌झच्याही वर चढतो. म्हणून उतारवयाचा कान स्वर धरून ठेवतो आणि व्यंजने गमावतो. घरोघरची म्हातारी माणसे जे म्हणतात, की आवाज येतो पण बोल कळत नाही, ते अक्षरशः खरे आहे. त्याहून नेमके निदान वैद्यालाही करता येणार नाही.

आणि इथे आपल्या देवनागरीचे सौंदर्य एका अनपेक्षित बाजूने उजळते. आपल्या लिपीत व्यंजन हे अक्षराचे अंग. स्वर त्याच्या पुढे-मागे, वर-खाली, काना, मात्रा, वेलांटी, उकार होऊन येतात. आजीच्या कानाला काने आणि मात्रा पोहोचतात; ज्या अक्षरांना त्या लागलेल्या आहेत ती अक्षरे वाटेत गळतात. 'सकाळी सात वाजता' हे वाक्य तिच्यापर्यंत येते ते अ, आ, ई, मग आ, मग पुन्हा आ, आ अशा पोकळ वळणाचे. सात, साठ, आठ: तिन्हींत एकच 'आ' घुमतो, आणि तिन्हींना वेगळे करणारी व्यंजने निसटून जातात. सातची लाँच की आठची, हे तिला शंभरदा का विचारावे लागते ते आता आपल्याला कळले. ओरडल्याने काय होते? 'आ' मोठा होतो. 'स' जिथल्या तिथे राहतो. ओरडणारा माणूस नेमके तेच वाढवत असतो जे तिला आधीच ऐकू येते.

ओठ वाचून काही भरपाई होते, पण तीही अपुरी. पाय, बाय, माय हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्हींना एकसारखेच मिटतात. क, ग, ह तर घशात आणि टाळूपाशी घडतात, बाहेर त्यांची खूण उमटतच नाही. म्हणजे कान काही देतो, ओठ काही देतात, बाकीचे सगळे माणूस संदर्भाने जुळवतो, तर्काने भरतो, आणि हे सगळे पुढचे वाक्य येण्याच्या आत. कमी ऐकू येणारी माणसे संध्याकाळपर्यंत थकून का जातात याचे उत्तर या जुळवाजुळवीत आहे. त्यांचे ऐकणे हे श्रमाचे काम आहे, आणि त्या श्रमाची दखल घेणारे कुणी नसते.

तिच्या कानामागच्या यंत्राकडे आता वळू. त्यात मायक्रोफोन आहे, आवाज वाढवणारे मंडल आहे, कानात ध्वनी सोडणारी बारीक नळी आहे. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, आणि जी पट्टी कानाने गमावली तिलाच उचलून धरायचे, इतका विवेक आताच्या डिजिटल यंत्रात असतो. पण मला त्याच्या बॅटरीने भुरळ घातली. वाटाण्याएवढी, चपटी, आणि तिच्या पाठीवर एक नारिंगी कागदी शेपूट. त्या शेपटाच्या रंगावरून आकार ओळखायचा: नारिंगी म्हणजे १३ क्रमांकाची, निळे म्हणजे ६७५, तपकिरी ३१२, पिवळे १०. शेपूट ओढले की खाली सुईच्या टोकाची छिद्रे दिसतात. ही बॅटरी जस्त आणि हवेची आहे. हवेतला प्राणवायू त्या छिद्रांतून आत शिरतो, जस्ताशी त्याचा संयोग होतो आणि वीज जन्मते. रसायनाचा अर्धा भाग बाहेरच्या हवेतून येत असल्याने आतली जवळजवळ सगळी जागा जस्ताला मिळते, आणि म्हणून एवढ्याशा जिवात इतके दिवसांचे बळ मावते.

बॅटरी बदलायची वेळ झाली तेव्हा आजीने शेपूट काढले आणि ती लगेच यंत्रात न घालता तळहातावर ठेवून थोडा वेळ थांबली. जाणकाराची कृती होती ती. छिद्रे उघडताच बॅटरी पूर्ण शक्तीवर येत नाही. मिनिटभर तिला हवा घेऊ द्यावी लागते, मग कप्पा मिटायचा. एकदा श्वास सुरू झाला की शेपूट पुन्हा चिकटवूनही तो थांबत नाही. खाडीवरून येणारा, चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास वाहणारा तो वारा आजीच्या तळहातावरच्या जस्तात शिरत होता, आणि थोड्याच वेळात त्याच वाऱ्याच्या बळावर तिला नातीचा आवाज ऐकू येणार होता. विज्ञानाच्या पुस्तकात हे एका समीकरणात संपते. धक्क्यावर पाहताना मात्र त्यात मला काव्याचा आनंद मिळाला. याच हवेचा दमटपणा यंत्राचा वैरीही आहे. घाम आणि बाष्प नळीत साचते, म्हणून रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत झोपवावे लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही डबी न विसरता वापरावी, असे मी आवर्जून सांगेन.

तर कान झाला, ओठ झाले, यंत्र झाले. नातीने फोन काढला, त्यावर लाइव्ह ट्रान्स्क्राइब उघडले आणि तो दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला. तेवढ्यात खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाने बातमी दिली, "पानी उतरलाय, लाँच बारा वाजता येल." पडद्यावर आधी उमटले: पाणी उतरलं लांब. मग डोळ्यांदेखत ते 'लांब' विरले, त्या जागी 'लाँच' आले, आणि ओळ पुरी झाली: पाणी उतरलं लाँच बारा वाजता येईल.

हा बदल आपण हलक्या हाताने उचलून पाहू. यंत्राने 'लाँ' ऐकले आणि घाईने 'लांब' लिहिले. पुढे 'बारा वाजता' आणि 'येल' आल्यावर त्याला उमगले की येणारी गोष्ट लांब नव्हे, लाँच असणार. मग ते मागे गेले आणि स्वतःचा शब्द पुसून नवा लिहिला. दारात रांगोळी काढणारी बाई एक ठिपका चुकला की बोटाने पुसून रेघ पुन्हा वळवते, तसे. पुढचे ऐकून मागचे दुरुस्त करायचे, हे तर आजी आयुष्यभर मनातल्या मनात करत आली आहे. तिचे अदृश्य श्रम आज पडद्यावर दृश्य झाले होते, आणि नात ते पाहत होती.

पण एक गोष्ट मला खटकली, तीही सांगायला हवी. बोलणारा 'पानी उतरलाय' म्हणाला होता, 'येल' म्हणाला होता; पडद्याने त्याला 'पाणी उतरलं' आणि 'येईल' असा प्रमाण मराठीचा अंगरखा चढवला. अर्थ पोहोचला, माणूस थोडा हरवला. आगरी-कोळी बोलीतले आवाज, उरण-पनवेल-अलिबागकडची ही गोड, आखूड, लाटेवर हेलकावणारी वळणे अशा यंत्रांना शिकवली गेली पाहिजेत. कमी ऐकू येणाऱ्या आजीला नातीचे बोलणे नातीच्याच बोलीत वाचता आले पाहिजे. हा लाड नव्हे, हक्क आहे.

हे ॲप गूगलने २०१९च्या फेब्रुवारीत आणले. त्यामागे दिमित्री कानेव्हस्की नावाचे संशोधक आहेत, मूळचे गणिती, लहानपणापासून कर्णबधिर. वाक्-अभिज्ञानाच्या, म्हणजे यंत्राने बोलणे ओळखण्याच्या, शास्त्रात त्यांनी तीन दशके घालवली होती, आणि तरी स्वतःच्या बैठकीत काय चालले आहे ते कळण्यासाठी त्यांना दूर बसून शब्द टंकित करणाऱ्या माणसाची सोय आधी करून ठेवावी लागे. आधी ठरवलेले संभाषण त्यांना मिळे. जिन्यात, चहाच्या टेबलाशी, येता-जाता घडणारे मिळत नसे. त्यांच्या सहकाऱ्याने, चेट नेगी यांनी, ते पाहिले आणि पहिला नमुना घडवला. मग वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठाबरोबर, म्हणजे १८६४पासून कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी उभ्या असलेल्या संस्थेबरोबर, त्याची घडण झाली. यात मला सर्वांत रम्य वाटतो तो एक त्याग. यंत्राला प्रत्येक शब्दाबाबत आपली खात्री किती हे ठाऊक असते. त्या खात्रीप्रमाणे शब्द निरनिराळ्या रंगांत दाखवणे सहज शक्य होते. पण असा रंगीत मजकूर वाचणे जड जाते, डोळा अर्थ सोडून रंगांत अडकतो, हे आधीच्या अभ्यासांतून दिसले होते. म्हणून रचनाकारांनी रंग वगळले. अक्षरे एकरंगी ठेवली, मोठी ठेवली, आणि सोबत ती दोन वर्तुळे दिली. यंत्राची हुशारी मिरवण्याचा मोह टाळून वाचणाऱ्याच्या डोळ्याला विसावा देणे, ही कलावंताची निवड आहे. जुन्या पोथ्यांच्या लेखनिकाला ती कळली असती.

या निवडीमागे एक जुनी खंतही उभी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कमी ऐकू येणारी होती. पत्नी मेबल पाच वर्षांची असताना तापात बहिरी झालेली. त्याचे सगळे तारुण्य कर्णबधिरांना बोलायला शिकवण्यात गेले, आणि त्याच शोधांच्या ओघात १८७६ साली टेलिफोन जन्मला, जो नेमका मेबलला वापरता येणार नव्हता. पुढची ८८ वर्षे जग तारेवरून बोलत राहिले आणि कर्णबधिर माणसे दारोदार चिठ्ठ्या घेऊन जात राहिली. १९६४मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनचा रिसीव्हर ठेवायचे एक उपकरण बनवले; टंकयंत्राची अक्षरे सुरांत बदलून तारेवरून जाऊ लागली आणि पलीकडे पुन्हा अक्षरे होऊन कागदावर उमटू लागली. त्या संभाषणांत एक सुंदर रीत पडली. आपले म्हणणे संपले की शेवटी 'जीए' ही दोन अक्षरे टंकायची. म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. ऐकू येणाऱ्यांच्या संभाषणात पाळी कधी स्वच्छपणे हातात दिली जात नाही, ती हिसकावली जाते, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्ये चढतात. या माणसांनी मात्र पाळी देणे हाच संभाषणाचा व्याकरणनियम केला.

बाकावर मी जे पाहिले ते याच रीतीचे नवे रूप होते. फोन मध्ये असल्याने नातीलाही स्वतःचे शब्द दिसत होते. ती घाईने बोलली की ओळ विस्कटे, वाक्याचे शेपूट गिळले की पडद्यावर शेपूट येत नसे. दोन-चार वाक्यांत तिची चाल बदलली. ती सावकाश झाली. वाक्य संपवू लागली. आजीचे डोळे ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत थांबू लागली. आजीने वर पाहिले की पुढचे वाक्य. मघाशी 'सवकाश बोल' म्हणून जे मागावे लागले, ते आता न मागता मिळत होते. मला वाटते, या साधनाचे खरे कर्तृत्व ऐकू येणाऱ्यावर घडते. ऐकण्याचे श्रम आजवर एकाच माणसाने ओढले. पडद्याने त्यातला अर्धा वाटा बोलणाऱ्याच्या हाती दिला, आणि तो त्याने आनंदाने उचलला. पडद्यावर अक्षरे, कानात मात्रा, समोर नातीचा चेहरा: तिन्ही मिळून आजीच्या मनात शब्द पुरा होत होता. नुसत्या पडद्यावर नातीचा लाडिकपणा दिसत नव्हता, तो तिच्या कानातल्या स्वरांत होता. म्हणूनच आजीने यंत्र काढून ठेवले नाही, आणि पडद्यावरून नजर पुन्हा पुन्हा नातीच्या तोंडाकडे नेली.

इथे एक अंतर विसरून चालणार नाही. हा पडदा वाचणाऱ्याचा आहे. आजीला ऐकत ऐकत भाषा आली, चौथीपर्यंत ती शिकली, मग वयाने कान गेले; मराठी तिच्या आत आधीपासून भरलेली आहे. जो जन्मापासून कर्णबधिर आहे त्याची पहिली भाषा बहुधा हातांची असते, आणि लिहिलेली मराठी त्याला दुसऱ्या भाषेसारखी कष्टाने मिळवावी लागते. त्याच्यापुढे धावती अक्षरे ठेवून आपण काम झाले म्हणू शकत नाही. लाँच ज्या माझगावला जाऊन लागते, तिथेच १८८०च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईची कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. देशातली ती पहिली मानतात. तो काळ असा, की १८८०च्या मिलान परिषदेनंतर जगभरच्या शाळांनी हातांना वर्गाबाहेर काढले आणि मुलांना ओठांवर आणले. पण बंदी वर्गापुरतीच राहिली. वसतिगृहांत, खेळाच्या मैदानांत मुलांचे हात बोलत राहिले. पुढे १९८३मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाने कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन केंद्र निघाले, आणि त्या केंद्राच्या कोशात २०२१पर्यंत १०,००० शब्दांच्या खुणा गोळा झाल्या. सव्वाशेहून अधिक वर्षे मैदानात वाढलेली भाषा कोशात आली, याचा आनंद मराठी कोशपरंपरा जाणणाऱ्याला तरी सांगावा लागू नये.

बारा वाजून गेल्यावर लाँच आली. आजी-नात आत सावलीला गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो. पुढ्यात दोन तरुण होते, दोघेही हातांनी बोलणारे, आणि एकाच्या फोनवर तिसरा, कुठल्याशा खोलीत बसलेला. स्वस्त इंटरनेट आणि व्हिडिओ कॉल यांनी या समाजाला जे दिले त्याचे मोल बेलच्या टेलिफोनाएवढे आहे. त्यांचे दूरचे बोलणे आता खऱ्या अर्थाने त्यांच्या भाषेत होते. इंजिन सुरू होताच मी माझ्या फोनवर त्या ॲपमधली वर्तुळे पाहिली. आतले वर्तुळ फुगून बाहेरच्याला जाऊन भिडले होते आणि ओळींत तुटक, निरर्थक शब्द सांडत होते. शेजारचे चौघे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते. या दोघांच्या गप्पा मात्र इंजिनाला दाद न देता चालल्या होत्या, भुवया, खांदे, ओठ, बोटे सगळे कामाला लावून.

एक बारकावा इथे टिपण्याजोगा. एक हात फोनला गुंतला की बोलायला एकच हात उरतो. नेहमीच्या खुणा ते एका हातात मावतील अशा दुमडून घेतात, आणि त्या दुमडण्यातही एक डौल असतो. पण एखादे नाव अक्षरा-अक्षराने सांगायचे झाले तर अडते, कारण आपल्याकडची बोटांची अक्षरे बहुधा दोन हातांनी घडतात. तसा प्रसंग आला तेव्हा बोलणाऱ्याने न पाहताच फोन बाजूला केला, मित्राने तो अलगद घेतला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. दोन हात मोकळे झाले, नाव सांगून झाले, आणि फोन परत गेला. मग मित्राला काही सुचले, तेव्हा तो फोन धरण्याचे काम याच्याकडे आले. घारापुरी मागे पडेपर्यंत हे देणे-घेणे कितीदा झाले असेल. एकदाही फोन मागावा लागला नाही.

भाऊच्या धक्क्याला लाँच लागली आणि उतरणाऱ्यांची एकच गर्दी उसळली. एक तरुण आधी पायऱ्यांवर पोहोचला, दुसरा टोपल्यांमागे लाँचवरच अडकला. मध्ये वीस-पंचवीस माणसे, हमालांच्या आरोळ्या, इंजिनाची धडधड. पायऱ्यांवरच्याने हात उंच करून काही विचारले, लाँचवरच्याने डोक्यांवरून उत्तर दिले, आणि फोनवरचा तिसरा, गर्दीच्या वर धरलेल्या पडद्यातून, दोघांनाही काहीतरी सांगून खळखळून हसला.